निकोटिनचे च्युइंगम : वापर, गुणदोष आणि निश्चयाचा प्रश्न

दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम औषध म्हणून चांगले आहे आणि सिगारेट सोडू इच्छिणाऱ्याने ते वापरून पाहावे, हा माझा निष्कर्ष मी आधीच सांगून टाकतो. तरीही हा परिचय थोडा लांबणार आहे, कारण हे औषध नेमके कोणते काम करते याविषयी ते विकणाऱ्यांचा, घरातल्या माणसांचा आणि पुष्कळदा ते विकत घेणाऱ्याचाही गैरसमज असतो. त्या गैरसमजाच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे : धोका माहीत असूनही जो ओढतो, त्याचा निश्चयच कच्चा. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात ही समजूत मी वर्षानुवर्षे ऐकत आलो. वहिनी ती थट्टेने बोलून दाखवत, आई त्राग्याने, आणि पुण्याहून येणारे मामा तर 'मनावर घेतले की काय होत नाही' एवढे म्हणून चहाचा कप उचलत. च्युइंगम आणले, तेव्हा साऱ्यांचे मत एकच पडले, की ज्याला मनाचा हिय्या करता येत नाही तो गोळ्यांच्या आधाराला जातो. मला हे मत चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे आहे हे त्या गोळीच्या रचनेवरूनच बरेचसे कळते.

आधी वस्तूविषयी. दोन मिलिग्रॅमची च्युइंगमची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. चार मिलिग्रॅमच्या गोळीला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मी वापरली ती पुदिन्याच्या चवीची होती. एका गोळीला साधारणपणे एका सुट्या सिगारेटइतकेच पैसे पडतात, त्यामुळे 'औषध परवडत नाही' ही सबब फारशी टिकत नाही. सोबतचे माहितीपत्रक मात्र इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत छापलेले होते, की ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्या वयाच्या माणसाला ते भिंगाशिवाय वाचता येऊ नये. दुकानदारानेही ते लहान मुलाला चॉकलेट द्यावे तसे काउंटरवर सरकवले आणि कसे घ्यायचे याविषयी अवाक्षर काढले नाही. या औषधाच्या अपयशाची पुष्कळ प्रकरणे मला वाटते इथेच, काउंटरवरच, सुरू होत असावीत.

कारण ही गोळी साध्या च्युइंगमसारखी चघळायची नसते. ती सावकाश चावत राहावी, आणि जिभेवर तिखटसर चव आली किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावी. चव ओसरली की पुन्हा थोडे चावावे आणि दुसऱ्या बाजूच्या गालात ठेवावे. असे सुमारे अर्धा तास चालते. यामागचे कारण असे, की निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जावे अशी योजना आहे. भराभर चावणारा माणूस ते लाळेबरोबर गिळतो. गिळलेले निकोटिन यकृतातून जाताना बरेचसे नष्ट होते आणि पदरी उरतात त्या उचक्या, छातीतली जळजळ आणि मळमळ. मग तो माणूस 'मला ते सोसत नाही' असे जाहीर करतो आणि सिगारेटच्या गुमटीकडे, म्हणजे टपरीकडे, परततो.

दुसरी गोष्ट आम्हा इंदूरकरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. निकोटिन अस्तरातून शोषले जाण्यासाठी तोंडातला ओलावा किंचित अल्कधर्मी असावा लागतो, म्हणून गोळीत सोडियम कार्बोनेटसारखे क्षार घातलेले असतात. तोंडात आंबट काही असेल तर शोषण मंदावते; म्हणून गोळी घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना कॉफी, फळांचे रस, कोला असे काही घेऊ नये असे सांगतात. आता आमची सकाळ पाहा. वाफेवरचे पोहे, त्यावर जिरावण मसाला आणि सढळ हाताने पिळलेले लिंबू, बाजूला जलेबी, मग कट चहा, आणि चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर सिगारेट. त्या सिगारेटच्या जागी कोणी लगेच गोळी तोंडात टाकली तर लिंबाने माखलेल्या तोंडात तिचा प्रभाव पडणार नाही आणि दोष गोळीला लागेल. पोह्यांनंतर चांगली चूळ भरावी आणि थोडे थांबावे, एवढेच त्यावर करायचे असते. पण ते थांबणेच सर्वांत अवघड, म्हणून मी सुचवीन की गोळी पोह्यांच्या आधीच, घरून निघतानाच घ्यावी.

या औषधाचा जन्म स्वीडनमधला. लुंडच्या दोन संशोधकांच्या लक्षात आले, की पाणबुडीवरच्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा ते तंबाखू तोंडात ठेवून वेळ भागवत. त्यांनी १९६७ मध्ये ही गोष्ट लिओ या औषध कंपनीतल्या ओवे फेर्नो यांना कळवली, आणि त्यातून तंबाखूविना निकोटिन देणाऱ्या च्युइंगमची कल्पना पुढे आली. १९७८ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आले, १९८४ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनची पर्यायी औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ज्या यादीत इन्सुलिन आणि क्षयाची औषधे आहेत, त्याच यादीत हे च्युइंगम आहे ही गोष्ट मी मामांना सांगितली होती. त्यांनी विषय बदलला.

आता गोळीचा मुख्य दोष, जो माझ्या मते तिचा मुख्य गुणही आहे : ती संथ आहे. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते. तिथल्या पेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरांना, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागांना, ते चिकटते, डोपामिन हे सुखाच्या भावनेशी जोडलेले रसायन स्रवते, आणि ओढणाऱ्याला जरासे बरे वाटते. हे दिवसातून शेकडो झुरक्यांनी, वर्षानुवर्षे घडत राहिले की मेंदूत त्या रिसेप्टरांची संख्या वाढते, आणि रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने ते रिसेप्टर रिकामे पडून चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणे ही लक्षणे सुरू होतात. पुढची सिगारेट आनंद देते असे वाटते, पण पुष्कळदा ती मागच्या सिगारेटने निर्माण केलेली बेचैनीच फक्त मिटवत असते. च्युइंगममधले निकोटिन रक्तात पुरेशा पातळीवर यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून झुरक्याची अपेक्षा धरून गोळी घेणारा निराश होतो. पण त्याच संथपणामुळे बेचैनी शमते आणि कृतीनंतर लगेच मिळणारे ते बक्षीस मात्र मिळत नाही, त्यामुळे हाताचे आणि मेंदूचे जे नाते जुळलेले असते ते हळूहळू सैल होऊ लागते. शिवाय कर्करोग आणि हृदयविकार यांना मुख्यतः कारण होतो तो जळणाऱ्या तंबाखूचा धूर, त्यातला डांबरासारखा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड. गोळीत यांपैकी काहीही नसते.

इथे निश्चयाचा प्रश्न येतो. माहिती कमी पडते म्हणून लोक ओढतात असे म्हणायला जागाच उरलेली नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध १९५० मध्ये दाखवून दिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. भारतात २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ९२.४ टक्के प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतो असे सांगितले, आणि ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडण्याचा बेत किंवा विचार करत होते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याची सूचना आणि चित्र असते, ते रोज हातात घेणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला बाहेरच्या माणसाची गरज नाही. ज्ञान आहे, इच्छाही पुष्कळांना आहे. मग राहिला तो निश्चय, असे लोक वजाबाकी करून ठरवतात.

ही वजाबाकी मला पटत नाही, आणि त्याचे उदाहरण आमच्याच गल्लीत आहे. आमच्या शेजारचे काका आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करतात. मुलीच्या सासरच्या पंगतीत, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या गर्दीत, प्रवासात, आजारपणात, कुठेही त्यांचा नियम ढळलेला कोणी पाहिला नाही. तेच काका दुपारचे जेवण झाले की चपला सरकवतात आणि कोपऱ्यावरच्या गुमटीवर दोरीला टांगलेल्या लायटरपाशी उभे राहतात. निश्चय ही माणसाच्या आत साठवलेली एकच एक शक्ती असती, तर चातुर्मासात चार महिने पुरणारी ती शक्ती जेवणानंतरच्या पाच मिनिटांत कुठे जाते, याचे उत्तर द्यावे लागेल.

उत्तराचा एक भाग शरीराचा आहे. कांदा सोडल्याने कोणाचे हात थरथरत नाहीत. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला पक्षाघातासारख्या कारणाने इजा झालेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांनी सिगारेट सहज, लगेच आणि पुन्हा तलफ न येता सोडली असे त्यात आढळले. त्यांचा निश्चय इजेमुळे वाढला असे कोणी म्हणणार नाही. त्यांची तलफ नाहीशी झाली होती, आणि तलफच नसेल तर निश्चयाची कसोटी लागतच नाही. शिवाय प्रत्येकाचे यकृत निकोटिन सारख्या वेगाने फोडत नाही. ज्याच्या शरीरात ते लवकर संपते त्याला पुढची सिगारेट लवकर हवी होते. 'आमच्या आजोबांनी डॉक्टरांनी सांगताक्षणी सोडली' या घरोघरी ऐकू येणाऱ्या कथेत आजोबांच्या निश्चयाबरोबर त्यांच्या यकृतातल्या निकोटिन फोडणाऱ्या एन्झाइमांचाही वाटा असू शकतो, आणि ज्यांचे आजोबा सोडू शकले नाहीत ते लोक अशा गप्पांत गप्प बसतात.

दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. काकांचा चातुर्मास त्यांच्या एकट्याच्या जिवावर चालत नाही. त्याला पंचांगाने ठरवून दिलेला पहिला दिवस आहे आणि ठरलेला शेवट आहे. काकू त्या काळात घरात कांदा शिजवतच नाहीत. नातेवाईकांना माहीत असते, त्यामुळे कोणी आग्रह करत नाही. उलट त्यांच्यासाठी वेगळे वाढले जाते. वर्ज्य पदार्थाच्या जागी खायला दुसरे काही असते. म्हणजे काकांचा निश्चय खराच, पण त्याच्याभोवती इतकी व्यवस्था उभी आहे की त्याला रोज नव्याने लढावे लागत नाही. सिगारेट सोडताना हेच काका सकाळी उठून मनात ठरवतात, कोणाला सांगत नाहीत, खिशात काही ठेवत नाहीत, आणि त्याच पोह्यांच्या दुकानासमोर त्याच मित्रांबरोबर तोच कट चहा घेतात. संध्याकाळी निश्चय मोडला की घरचे म्हणतात, पाहा, निश्चय नाही.

'ओढणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा आणि मनोबलाचा प्रश्न आहे' ही समजूत कोणाच्या सोयीची होती, हेही पाहण्यासारखे आहे. निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा असे द्रव्य विकण्याचा आहे, असे ब्राउन अँड विल्यमसन या अमेरिकी सिगारेट कंपनीच्या कायदा सल्लागाराने १९६३ मध्येच अंतर्गत टिपणात लिहून ठेवले होते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने निकोटिनचे व्यसन स्पष्ट शब्दांत मान्य केले. त्यानंतरही एप्रिल १९९४ मध्ये सात बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर म्हणाले, की निकोटिन व्यसन लावणारे आहे असे आम्हांला वाटत नाही. ग्राहक केव्हाही सोडू शकतो असे मानले, की त्याच्या आजाराची जबाबदारी त्याच्यावरच जाते. कंपन्यांना नेमके हेच हवे होते. आमच्या वहिनींना या युक्तिवादाचा उगम ठाऊक असता तर त्यांनी तो वापरला नसता, असे मला वाटते.

याचा अर्थ ओढणाऱ्याने सारे मेंदूवर ढकलून मोकळे व्हावे असा मी लावत नाही. जगात सिगारेट सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी ती औषधाशिवायच सोडली आहे, ही वस्तुस्थिती आहे, आणि च्युइंगमच्या जाहिरातीत ती सापडणार नाही. पण दुसरी वस्तुस्थिती अशी, की केवळ मनाच्या बळावर सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाचच जण त्या प्रयत्नात सहा महिने ते वर्षभर टिकतात. निकोटिनच्या पर्यायी औषधांनी ही शक्यता सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी वाढते असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. वाचकाने हा आकडा नीट वाचावा : मूळ शक्यताच लहान असल्याने, गोळी घेणाऱ्यांपैकीही बहुसंख्य लोक एखाद्या प्रयत्नात अयशस्वी होतात. त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पट्टा आणि च्युइंगम एकत्र वापरल्यास एकट्या च्युइंगमपेक्षा अधिक यश मिळते, आणि व्हॅरेनिक्लिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारे औषधही एकट्या च्युइंगमपेक्षा प्रभावी आहे.

निश्चय लागतो तो वेगळ्याच ठिकाणी, असा माझा अनुभव आहे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गोळी, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, हा क्रम पाळण्यासाठी तो लागतो. बरे वाटू लागले म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद न करण्यासाठी लागतो. मित्रांना आधीच सांगून ठेवण्यासाठी लागतो, आणि हे तर मला सर्वांत जड गेले. तलफ सर्वांत तीव्र असते ते दिवस म्हणजे पहिले दोन-तीन, आणि बेचैनी साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. या काळात चहाही कमी करावा. धुरातल्या द्रव्यांमुळे ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन लवकर निकालात काढत असते. ओढणे बंद झाले की तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातले कॅफिन बरेच वाढते आणि त्यातून येणारी धडधड व अस्वस्थता माणूस सिगारेटची तलफ समजतो.

व्यवस्थेचा उरलेला भाग फुकट मिळतो. २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये ही विनाशुल्क सेवा सुरू केली. नंतर मुंबई, बंगळूर आणि गुवाहाटी येथील केंद्रे तिला जोडली गेली. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला लावतात आणि नंतर आपणहून फोन करून विचारपूसही करतात. म्हणजे पंचांगातला पहिला दिवस आणि विचारणारे माणूस, दोन्ही मिळतात. च्युइंगम बनवणाऱ्यांनी हा क्रमांक आपल्या पाकिटावरही ठळक छापायला हवा होता.

माझ्याकडून या गोळीला पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो वाचता न येणाऱ्या माहितीपत्रकासाठी आणि 'इच्छाशक्तीला साथ' अशा थाटाच्या प्रचारासाठी, कारण त्याने घरच्यांचाच गैरसमज पक्का होतो. चव सुसह्य आहे. कवळी असणाऱ्यांना किंवा जबड्याचे दुखणे असणाऱ्यांना हा प्रकार जमणार नाही. गरोदर स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. चघळून झालेल्या गोळीतही निकोटिन शिल्लक असते, म्हणून ती कागदात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने कचऱ्यात टाकावी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात ती रस्त्यावर थुंकणार तरी कोण म्हणा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते, त्याला दोन मिलिग्रॅमची गोळी बहुधा अपुरी पडेल. त्याने दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन चार मिलिग्रॅमची चिठ्ठी घ्यावी आणि पट्ट्याविषयीही तेव्हाच विचारावे.